गुप्तवार्तेची प्रमाणभाषा : अमेरिकेतील प्रादेशिक गुप्तवार्ता केंद्रांच्या समान मानकांचा इतिहास

राज्यसंस्था आपल्या नागरिकांविषयी जे लिहून ठेवते त्याची गणना आपण वाङ्मयात करीत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या लेखनालाही संकेत असतात, ठरावीक शब्दयोजना असते, लेखक आणि वाचक असतात, आवृत्त्या आणि पाठभेदही असतात. बखर, करीना, कैफियत, महजर या जुन्या दस्तऐवजांचे वाचन मराठीच्या अभ्यासकांनी भाषा आणि इतिहास अशा दोन्ही अंगांनी केले आहे. आधुनिक शासनाचे गोपनीय अहवाल मात्र त्या दृष्टीने क्वचितच वाचले जातात. ते सहसा उपलब्ध नसतात हे एक कारण; ते वाचण्याजोगे नसतात अशी आपली समजूत असते, हे दुसरे.

प्रस्तुत लेखात अशाच एका लेखनव्यवहाराचा इतिहास पाहावयाचा आहे. २००१ नंतर अमेरिकेच्या घटक राज्यांत आणि मोठ्या शहरांत अंतर्गत सुरक्षेसाठी जी प्रादेशिक केंद्रे उभी राहिली, त्यांना तेथे ‘फ्यूजन सेंटर’ असे नाव आहे. स्थानिक पोलीस, राज्य पोलीस आणि केंद्रीय यंत्रणा यांच्याकडील तुटक माहिती एका ठिकाणी आणून तिचा मेळ घालणे, हे त्यांचे काम. पुढे या केंद्रांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. प्रत्येक राज्याने आपापल्या रीतीने उभारलेल्या या केंद्रांना समान मानके लावण्याचा जो प्रयत्न २००५ पासून झाला, तो प्रशासनाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. येथे तो भाषेच्या इतिहासाचा भाग म्हणून तपासला आहे. मांडावयाचा मुद्दा असा : मानके ठरविताना माहिती कशी पोचवावी याचा विचार प्रथम झाला, माणसाविषयी काय लिहावे आणि काय लिहू नये याचा विचार नंतर, तोही बऱ्याच अंशी ठेच लागल्यावर झाला. या दोन विचारांमधील अंतराची किंमत ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांनी मोजली.

१. प्रश्नाची मांडणी

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २२ जुलै २००४ रोजी प्रसिद्ध झाला. शासकीय चौकशीचा हा अहवाल पुस्तकरूपाने प्रचंड खपला आणि त्याच वर्षीच्या ‘नॅशनल बुक अवॉर्ड’च्या ललितेतर विभागात अंतिम यादीपर्यंत पोचला. एखाद्या आयोगाच्या अहवालाला वाङ्मयीन पारितोषिकाच्या यादीत स्थान मिळावे ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना लक्षणीय वाटेल. त्या अहवालाला कथनाची पकड होती, आणि त्या कथनाचा गाभा ‘माहिती होती, पण ती एकमेकांना कळली नाही’ या एका सूत्रात होता.

या सूत्राला आधार भक्कम होता. जुलै २००१ मध्ये एफबीआयच्या फीनिक्स कार्यालयातील एका अधिकाऱ्याने विमानचालन-शाळांत शिकणाऱ्या काही व्यक्तींविषयी मुख्यालयाला टिपण पाठविले होते. त्यावर वेळेत काही घडले नाही. हल्लेखोरांपैकी नवाफ अल-हाझमी याचा माग सीआयएला जानेवारी २००० पासून लागलेला होता. १ एप्रिल २००१ रोजी ओक्लाहोमा राज्यात वाहतूक पोलिसाने त्याला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल थांबविले. पण त्याचे नाव पाळत-यादीत गेले ते ऑगस्टच्या अखेरीस. त्यामुळे पोलिसाने दंडाची पावती दिली आणि गाडी सोडली. हल्ल्याच्या दोनच दिवस आधी, ९ सप्टेंबरला, झियाद जर्रा याला मेरीलँड राज्यात असेच थांबविण्यात आले आणि असेच सोडण्यात आले.

रस्त्यावरचा शिपाई आणि राजधानीतील विश्लेषक यांच्यामध्ये दुवा नाही, असे निदान या घटनांतून निघाले, आणि ते चूक नव्हते. ‘ज्याला गरज आहे त्यालाच कळावे’ या जुन्या तत्त्वाच्या जागी ‘वाटून घेणे हेच कर्तव्य’ हे तत्त्व आले. डिसेंबर २००४ च्या गुप्तवार्ता-सुधारणा कायद्याने ‘माहिती-देवाणघेवाणीचे पर्यावरण’ उभारण्याचा आदेश दिला. पण या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरली गेली. ‘माहिती’ म्हणून काही वस्तू आधीच सिद्ध असते आणि अडचण केवळ तिच्या वाहतुकीची आहे, असे ते गृहीत होते. ओक्लाहोमाच्या शिपायाजवळ मात्र वेगाची नोंद होती, माहिती नव्हती. एखादी नोंद माहिती केव्हा होते, हा प्रश्न वाहतुकीच्या प्रश्नाआधीचा आहे. तो त्यावेळी कोणी फारसा विचारला नाही.

२. अठरा तत्त्वे

अमेरिकेच्या संविधानानुसार पोलीस हा प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे. ही केंद्रे राज्यांची आणि शहरांची. केंद्र सरकार त्यांना हुकूम देऊ शकत नव्हते. मार्गदर्शक तत्त्वे आणि अनुदान ही दोनच साधने त्याच्या हाती होती. न्याय खाते आणि होमलँड सिक्युरिटी खाते यांनी मिळून २००५ मध्ये पोलीस यंत्रणांपुरती आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वांसाठी ‘फ्यूजन सेंटर मार्गदर्शक तत्त्वे’ प्रसिद्ध केली. त्यांची संख्या १८. ती आज्ञार्थी क्रियापदांनी सुरू होतात. ध्येयवाक्य तयार करा, प्रातिनिधिक संचालन-मंडळ नेमा, सामंजस्य करार करा. मात्र त्यांच्यामागे आज्ञेचा अधिकार नव्हता. रूप आज्ञार्थाचे आणि अर्थ विध्यर्थाचा, असे त्यांचे व्याकरण आहे. संघराज्याच्या राजकारणाचा ठसा वाक्यरचनेवर कसा उमटतो याचे हे चांगले उदाहरण मानता येईल.

या अठरा तत्त्वांचा क्रम पाहण्याजोगा आहे. ध्येय, संचालन, सहकार्य, करार, विदागारे, संगणकीय जोडणी, इमारत, सुरक्षाव्यवस्था, कर्मचारी, प्रशिक्षण, निधी, संपर्क-योजना असे त्यांचे विषय आहेत. खासगीपणाचे व नागरी स्वातंत्र्याचे धोरण तयार करा, ते प्रसिद्ध करा आणि पाळा, असे आठवे तत्त्व सांगते. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या लेखनाविषयीचे तत्त्व चौदावे आहे, आणि तेथे त्या लेखनाला ‘उत्पादने’ म्हटले आहे. हा शब्द प्रशासनाच्या परिभाषेत रुळलेला असला तरी निरर्थक नाही. ज्याचे उत्पादन होते त्याची संख्या मोजता येते. आणि ज्याची संख्या मोजता येते ती वाढवावी असे वाटू लागते.

सप्टेंबर २००८ मध्ये या तत्त्वांना जोड म्हणून ‘राज्य व महानगर फ्यूजन केंद्रांच्या मूलभूत क्षमता’ हा दस्तऐवज निघाला. त्याचे दोन भाग आहेत : एक, माहितीच्या प्रक्रियेशी संबंधित क्षमता, दोन, व्यवस्थापन आणि प्रशासन यांच्या क्षमता. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, यांतून चार ‘निर्णायक क्षमता’ निवडण्यात आल्या : स्वीकारणे, विश्लेषण करणे, प्रसारित करणे आणि गोळा करणे. खासगीपणाच्या धोरणाची अट केंद्रीय अनुदानाशी जोडली गेली आणि त्यामुळे केंद्रांनी अशी धोरणे लिहून काढली. ही प्रगती नाकारता येणार नाही. तरी निर्णायक म्हणून निवडलेल्या चार क्रियापदांत ‘नाकारणे’ हे क्रियापद नाही, ही गोष्ट अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

भाषेच्या प्रमाणीकरणाचा इतिहास ज्यांना परिचित आहे त्यांना येथे एक साम्य जाणवेल. लेखनाचे नियम ठरविणे तुलनेने सोपे असते. त्या नियमांनी कोणाचे बोलणे अशुद्ध ठरणार, याचा निवाडा अवघड असतो आणि तो बहुधा न सांगताच होऊन जातो.

३. एका व्याख्येचे पाठभेद

‘काय लिहावे’ हा प्रश्न प्रत्यक्ष समोर आला तो ‘संशयास्पद हालचालींच्या अहवाला’च्या निमित्ताने. रस्त्यावरचा पोलीस, इमारतीचा पहारेकरी किंवा सामान्य नागरिक यांना काही वावगे दिसले, तर त्याची नोंद एका ठरावीक नमुन्यात व्हावी आणि ती फ्यूजन केंद्रामार्फत देशभर पाहता यावी, अशी ही योजना. तिच्यासाठी ‘कार्यात्मक मानक’ तयार झाले. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २००८ ची, दुसरी मे २००९ ची आणि तिसरी फेब्रुवारी २०१५ ची.

पहिल्या दोन आवृत्त्यांतील व्याख्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. पहिल्या आवृत्तीनुसार जे वर्तन दहशतवादी, गुन्हेगारी किंवा इतर अवैध हेतूच्या पूर्वतयारीचे ‘सूचक असू शकेल’ ते नोंदविण्यास पात्र होते. दुसऱ्या आवृत्तीत ते ‘वाजवीपणे सूचक’ असावे असे म्हटले गेले. हा बदल नागरी स्वातंत्र्याच्या संघटनांशी झालेल्या चर्चेनंतर झाला. ‘असू शकेल’ या शब्दांना जवळजवळ मर्यादा नाही. जगातील कोणतेही वर्तन कशाचे तरी सूचक असू शकते. ‘वाजवीपणे’ या शब्दाने लिहिणाऱ्यावर कारण देण्याची जबाबदारी टाकली. शिवाय पहिल्या आवृत्तीतील ‘इतर अवैध हेतू’ हे मोघम शब्द जाऊन त्या जागी गुन्हेगारी कृत्याचा उल्लेख आला. हेतूकडून कृतीकडे असा हा प्रवास आहे. दोन आवृत्त्यांमध्ये सोळा महिन्यांचे अंतर होते.

तथापि ‘वाजवीपणे सूचक’ आणि ‘वाजवी संशय’ या दोन संज्ञा एक नव्हेत. १९७० च्या दशकात एफबीआयने राजकीय चळवळींवर ठेवलेली पाळत उघड झाली आणि सेनेटच्या चर्च समितीने १९७५-७६ मध्ये तिची चौकशी केली. त्या काळाच्या अनुभवातून १९८० मध्ये एक केंद्रीय नियम आला. केंद्रीय निधीवर चालणाऱ्या गुन्हेविषयक गुप्तवार्ता-प्रणालीत एखाद्या व्यक्तीची नोंद करावयाची असेल तर ती व्यक्ती गुन्ह्यात गुंतल्याचा ‘वाजवी संशय’ हवा, असे तो नियम सांगतो. नोंदीचा ठरावीक मुदतीत फेरविचार व्हावा, अशीही त्याची अट आहे. संशयास्पद हालचालींचा अहवाल हा या अर्थाने गुप्तवार्ता नव्हेच, म्हणून त्याला हा नियम लागू नाही, अशी शासनाची भूमिका होती. परिणामी एकाच केंद्रात दोन उंबरठे निर्माण झाले : एक उंच आणि एक सखल. ज्या घराला दोन उंबरठे असतात त्या घरात माणसे सखल उंबरठ्यानेच ये-जा करतात.

या प्रश्नावर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात केंद्र सरकारविरुद्ध दावा दाखल झाला. वादींपैकी एक वयोवृद्ध छायाचित्रकार होते. बोस्टनमधील वायूच्या टाकीवर कोरिटा केंट या चित्रकर्तीने १९७१ मध्ये रचलेले इंद्रधनुषी पट्टे आहेत. सार्वजनिक कलेचा तो एक प्रसिद्ध नमुना. २००४ मध्ये, म्हणजे मानक तयार होण्यापूर्वीच, हे छायाचित्रकार तिचे छायाचित्र घेत असताना पहारेकऱ्यांनी त्यांना हटकले आणि काही महिन्यांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या घरी केंद्रीय अधिकारी चौकशीला आले. पायाभूत सुविधांचे छायाचित्रण हे पुढे मानकाच्या सूचीतही आले. त्यामुळे अशा नोंदींना आता अधिकृत नमुना मिळाला, असे वादींचे म्हणणे होते. २०१९ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने शासनाच्या बाजूने निर्णय दिला. मानक ठरविताना जाहीर सूचना-हरकतींची प्रक्रिया करणे बंधनकारक नव्हते आणि ते मनमानीही नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला. वाचनाचा प्रश्न मात्र उरतोच. एकाच कृतीचे दोन अर्थ होतात, कलेचा आणि कटाचा. त्यांतला कोणता निवडावा हे नमुन्यातील रकाना सांगत नाही. ते सांगावयाचे तर संदर्भ लागतो, आणि संदर्भ हीच गोष्ट प्रमाणित नमुन्यातून सर्वांत आधी गळते.

४. रद्द झालेले अहवाल

समान मानकांच्या पहिल्या टप्प्याचे मूल्यमापन ऑक्टोबर २०१२ मध्ये झाले. सेनेटच्या स्थायी चौकशी उपसमितीने, डेमोक्रॅट कार्ल लेव्हिन आणि रिपब्लिकन टॉम कोबर्न यांच्या नेतृत्वाखाली, दोन वर्षांच्या तपासानंतर आपला अहवाल सादर केला. १ एप्रिल २००९ ते ३० एप्रिल २०१० या तेरा महिन्यांत केंद्रांतून होमलँड सिक्युरिटी खात्याकडे आलेले ६१० अहवाल उपसमितीने तपासले. त्यांपैकी १८८, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश, अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच रद्द करण्यात आले होते. या केंद्रांवर केंद्र सरकारने नेमका किती खर्च केला हे खात्याला सांगता आले नाही. त्याने दिलेला अंदाज २८ कोटी ९० लाख ते १४० कोटी डॉलर इतका विस्तृत होता.

रद्द झालेल्या मजकुरांतील एक आपल्या अभ्यासक्षेत्राच्या फार जवळचा आहे. मुस्लिम वाचकांसाठी एका समूहाने दहा पुस्तकांची शिफारस करणारी यादी काढली होती. तिच्यातील काही लेखकांची नावे दहशतवादविषयक विदागारात आढळतात, एवढ्यावर त्या यादीविषयी अहवाल लिहिण्यात आला. तपासणी करणाऱ्याने तो रद्द केला. लेखकाचे नाव एखाद्या यादीत आहे म्हणून त्याच्या लेखनाची नोंद करता येणार नाही. लेखनाला संविधानाचे संरक्षण आहे आणि त्यात हिंसेचे आवाहन किंवा योजना आहे असे दाखविता आले पाहिजे, अशा आशयाचा शेरा त्याने दिला. दुसऱ्या एका प्रकरणात पोलिसांनी थांबविल्यास कसे वागावे याविषयी मोटारसायकलस्वारांच्या एका टोळीने आपल्या सदस्यांना दिलेले पत्रक हाच अहवालाचा विषय होता. कायदा पाळण्याचा सल्ला हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही, म्हणून तोही रद्द झाला.

हे शेरे लिहिणाऱ्या अनाम परीक्षकाकडे लक्ष वेधणे हा या लेखाचा एक उद्देश आहे. संपूर्ण व्यवस्थेत तोच खरा वाचक होता. लिहिणाऱ्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणानंतर केंद्रांत पाठविले जात होते आणि निकृष्ट अहवाल पुन्हा पुन्हा पाठविणाऱ्यांवर कारवाई होत नव्हती, असे उपसमितीला आढळले. परीक्षकाची पायरी २००९ मध्ये दृढ झाली आणि तिनेच आक्षेपार्ह मजकूर बाहेर जाण्यापासून बहुतांशी रोखला. परंतु त्याच पायरीमुळे उपयुक्त अहवालही महिनोन् महिने अडकून पडले. आणि रद्द झालेले मसुदे नष्ट न होता खात्याच्या दप्तरात राहिले. म्हणजे जे लिहू नये असे ठरले तेही लिहिलेलेच राहिले.

जेथे असा परीक्षक नव्हता तेथे काय झाले, हेही पाहता येते. फेब्रुवारी २००९ मध्ये मिसुरी राज्याच्या केंद्राने सशस्त्र मिलिशिया-गटांविषयी अहवाल काढला आणि त्यात अशा गटांच्या सदस्यांच्या खुणा म्हणून रॉन पॉल, बॉब बार, चक बाल्डविन या उमेदवारांना असलेल्या पाठिंब्याचा उल्लेख केला. गदारोळ झाला आणि मार्चमध्ये तो मागे घ्यावा लागला. नोव्हेंबर २०११ मध्ये इलिनॉय राज्याच्या केंद्राने रशियातून झालेल्या संगणकीय हल्ल्यात पाणीपुरवठ्याचा एक पंप निकामी झाल्याचे कळविले. वस्तुतः त्या यंत्रणेचा एक कंत्राटदार सुटीसाठी रशियात गेला असताना कामानिमित्त त्याने तेथून प्रणालीत प्रवेश केला होता. पंप काही महिन्यांनी आपोआप जळाला. त्या कंत्राटदाराला एक दूरध्वनी केला असता तर उलगडा झाला असता.

उपसमितीचा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला नाही. खात्याने त्याचा प्रतिवाद केला आणि २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या अहवालाने या केंद्रांची उपयुक्तता मान्य करून सुधारणा सुचविल्या. उलट बाजूचा अनुभवही त्याच वर्षी आला. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनवर बाँबहल्ला झाला. त्यातील एका आरोपीविषयी रशियाने २०११ मध्ये एफबीआयला कळविले होते, परंतु त्या चौकशीची कल्पना आपल्याला नव्हती असे बोस्टनच्या पोलीस आयुक्तांनी काँग्रेससमोर सांगितले. अनावश्यक माहितीचा पूर आणि आवश्यक माहितीचा दुष्काळ ही एकाच व्यवस्थेची दोन रूपे आहेत, हे यावरून दिसते. जून २०२० मध्ये पोलीस यंत्रणांचा २६९ गिगाबाइट मजकूर फुटून जगजाहीर झाला. त्यात फ्यूजन केंद्रांचाही मोठा साठा होता. एकत्र ठेवलेली माहिती एकत्रच गळते, हा धडाही त्यातून मिळाला.

५. भारतीय अनुभवाच्या उजेडात

हा इतिहास परका म्हणून बाजूला ठेवण्याचे कारण नाही. प्रादेशिक नोंदी एका मध्यवर्ती नमुन्यात आणण्याचा एक मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकात भारतातच झाला. विल्यम स्लीमन यांनी ठगांच्या बंदोबस्तासाठी जबान्या, वंशावळी आणि शब्दसूची यांचे मध्यवर्ती दप्तर तयार केले. त्यांचे ‘रामसीआना’ हे १८३६ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झालेले पुस्तक म्हणजे मुख्यतः ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश होय. त्याच वर्षीच्या ३० व्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीशी संबंध असणे एवढेच शिक्षेला पुरेसे ठरले. विशिष्ट कृत्य सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तीनच वर्षांनी, १८३९ मध्ये, मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली आणि दप्तरातील प्रकार वाङ्मयात शिरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समूह जन्माने संशयित ठरविले; १९११ च्या कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यापर्यंत आली. दरम्यान १९०८ मध्ये पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील टिपणांचे पुस्तक निघाले. एकेका जमातीचा पेहराव, बोली, वावर यांची ठरावीक रकान्यांत दिलेली वर्णने त्यात आहेत. समान मानकाचाच तो अवतार म्हणता येईल.

त्या नमुन्याला परीक्षक नव्हता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण नमुन्याने वर्णिलेल्या माणसांनी स्वतः लिहावयास आणखी काही दशके जावी लागली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. या आत्मकथनांचे वाचन आपण सामाजिक दस्तऐवज आणि वाङ्मयकृती म्हणून केले आहे. ती पोलीस दप्तराला दिलेली उत्तरे म्हणूनही वाचली पाहिजेत. मराठी वाङ्मयात रद्द न झालेल्या अहवालांचा प्रतिवाद असा उशिरा, पण ठसठशीतपणे झाला.

अमेरिकेतील मानके आणि वसाहतकालीन नमुने यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या मानकाने वंश, धर्म यांवरून नव्हे तर वर्तनावरून नोंद करावी असे स्पष्ट लिहिले; वसाहतीच्या कायद्याने नेमके उलट लिहिले होते. हा फरक मूलगामी आहे. दोन्हींत समान आहे ती वृत्ती : नमुना भरला की ज्ञान झाले, असे मानण्याची.

स्वतंत्र भारतातही हा प्रश्न आला. कारगिल युद्धानंतरच्या मंत्रिगटाच्या २००१ मधील शिफारशींनुसार गुप्तवार्ता विभागात ‘मल्टी एजन्सी सेंटर’ स्थापन झाले आणि राज्यांत त्याची उपकेंद्रे कल्पिली गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या यंत्रणेला बळकटी देण्यात आली. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही आलेल्या पूर्वसूचनांची हाताळणी तपासली. डिसेंबर २००९ मध्ये तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कल्पना मांडली. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यासाठी आदेश निघाला, परंतु अनेक मुख्यमंत्र्यांनी राज्यांच्या अधिकारांवर आक्रमण म्हणून त्याला विरोध केला आणि ते केंद्र साकारले नाही. अमेरिकेत ज्या संघराज्यीय अडचणीतून आज्ञार्थी रूपाची ऐच्छिक तत्त्वे जन्मली, तिचेच हे भारतीय रूप.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो भाषांतराचा. महाराष्ट्रातील पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी मराठीत लिहिली जाते. दिल्लीपर्यंत पोचणारा सारांश इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या १२२ व्या कलमान्वये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद परिस्थितीत आढळणे हाच अपराध होतो. त्या संशयाचे वर्णन गावच्या बोलीत एक वजन घेऊन येते आणि दुसऱ्या भाषेत जाताना दुसरेच वजन धारण करते. ‘म्हणे’, ‘असावा’, ‘दिसतो’ यांसारखे शब्द सांगणाऱ्याची खात्री किती आहे हे दाखवितात. सारांश करताना पहिल्यांदा हेच शब्द जातात आणि ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती होऊन वर पोचते. समान मानकाने जपावयाचे असेल तर सर्वांआधी हे शब्द जपले पाहिजेत.

६. समारोप

२००१ ते २०१५ या काळातील अमेरिकन अनुभवावरून तीन गोष्टी सांगता येतात. पहिली, गुप्तवार्तेचे मानक हे मूलतः लेखनाचे मानक असते. इमारत आणि जोडणी यांची मानके त्याच्यामागून यावीत, पुढून नव्हेत. दुसरी, व्याख्येतील एखाद्या शब्दाने नागरिकाचे स्वास्थ्य वाढते किंवा घटते. ‘असू शकेल’ आणि ‘वाजवीपणे’ यांमधील अंतर हे केवळ शैलीचे नाही. तिसरी, कोणतेही मानक स्वतःचे रक्षण करीत नाही. अहवाल रद्द करण्याचा अधिकार असलेला, कारण लिहून देणारा आणि वेळेत वाचणारा वाचक ही त्या व्यवस्थेची खरी मूलभूत क्षमता होय. तो वाचक मंद असेल तर सुरक्षेची हानी होते आणि तो नसेलच तर न्यायाची. म्हणून त्याला पुरेसे मनुष्यबळ आणि निश्चित मुदत देणे हा चैनीचा विषय नव्हे. त्याने रद्द केलेला मजकूर खरोखर नष्ट व्हावा, हेही त्याच मानकात लिहिलेले असले पाहिजे.

तौलनिक साहित्याचा अभ्यासक सुरक्षेचा तज्ज्ञ नसतो आणि त्याने तसा आवही आणू नये. मात्र संदर्भ सोडून वाचले की मजकुराचे काय होते, भाषांतरात काय गळते, एका शब्दाच्या फरकाने अर्थ कसा पालटतो, हे त्याचे रोजचे काम आहे. शासनाचे जे अहवाल, मानके आणि त्यांच्या आवृत्त्या आज सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहेत त्यांचे असे वाचन मराठीत होणे आवश्यक आहे. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांची वाट पाहावयास आपल्याला एकदा फार वर्षे लागली. पुढचा नमुना छापला जात असतानाच तो वाचला गेला तर ती वेळ पुन्हा येऊ नये.